खोक्यात जहाज नसतं

लाकडी जहाजाचं किट घरी आलं त्या दिवशी आईने खोक्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "अरे, यात जहाज कुठंय?"

जहाज झाकणावर होतं. फुगलेलं शीड, लाटेवर चढलेली नाळ, मागे ढगाळ आकाश. आत मात्र रबरबँडने बांधलेल्या पट्ट्यांच्या जुड्या, प्लायवूडचे चार-पाच पातळ तक्ते, दोऱ्याची रिळं, बारीक पितळी खिळ्यांच्या पुड्या आणि उलगडला तर पलंगभर पसरेल असा नकाशा. "वखारीतून उचलून आणलंस की काय?" हा तिचा पुढचा प्रश्न.

मी हसलो, पण तिचा पहिला प्रश्न अगदी नेमका होता. प्लास्टिकच्या विमानाचं किट घेतलं तर त्यात विमान असतं. साच्यातून निघालेले धडाचे दोन अर्धे, पंख, चाकं; आपण नुसतं चिकटवायचं. लाकडी जहाजाच्या किटमध्ये आकार मिळत नाही, आकार करायचं सामान मिळतं. त्यातल्या पट्ट्या सगळ्या सरळसोट आणि एकाच रुंदीच्या. जहाजाच्या अंगावर मात्र सरळ रेष औषधालाही सापडत नाही. या पट्ट्यांतून तो बाकदार देह कसा उभा राहतो, ते मला कळायला आठ महिने लागले.

केसाची सुतळी

माझं किट अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी कटरचं. कटर म्हणजे एका डोलकाठीचं, अंगाने लहान पण शिडाने दांडगं, चपळ जहाज. इंग्लिश खाडीतून चहा आणि ब्रँडी चोरून आणणारे कटर वापरत आणि त्यांच्या मागावर असलेले कस्टमवालेही कटरच वापरत. नवशिक्याने असंच काहीतरी निवडावं. इंग्रज नौसेनापती नेल्सनची 'व्हिक्टरी' झाकणावर कितीही खुणावत असली तरी १७६५ साली पाण्यात उतरलेल्या त्या १०४ तोफांच्या जहाजावर सुमारे ४२ किलोमीटर दोर होता, हे लक्षात ठेवावं. मॉडेलमध्ये त्याच्या हिश्श्याचा दोरा आपल्यालाच बांधायचा असतो.

माझ्या कटरचं प्रमाण १:६४. म्हणजे खऱ्या जहाजाचे ६४ मिलिमीटर मॉडेलवर एक मिलिमीटर होतात. २० मीटर लांबीचं जहाज ३१ सेंटिमीटरचं होतं आणि साडेपाच फुटी खलाशी बोटाच्या एका पेराएवढा. इथवर सोपं आहे. गंमत उलट्या हिशेबात आहे. अर्ध्या मिलिमीटरचा दोरा या जहाजावर ३२ मिलिमीटर जाडीचा दोरखंड असतो. डेकवर गोंदाचा चुकार थेंब सुकला तर तो चौरंगाएवढा गोळा होतो. माझ्या डोक्यावरचा गळलेला केसदेखील त्या जगात साडेचार मिलिमीटरची सुतळी. हे एकदा अंगवळणी पडलं की हात आपोआप हलका होतो.

लाकूड निवडण्यामागेही हाच हिशेब असतो. ओक किंवा साग यांची छिद्रं आणि रेषा डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या असतात. खऱ्या जहाजावर त्या शोभतात, पण १:६४ च्या फळीवर त्याच रेषा नांगरलेल्या शेतासारख्या दिसतात. म्हणून किटमध्ये लिंडेन, अक्रोड, पेअर अशी तुलनेने बारीक पोताची लाकडं देतात. सागाचं जहाज सागासारखं दिसायला हवं असेल तर साग वापरून चालत नाही. मी वापरून पाहिला. शेजारच्या घरी फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या सुतारकाकांकडून सागाची एक चीप मागून आणली. ती वाकवली तशी रेषेवर कडकन मोडली. "एवढ्या पातळ सागाला वाकवायला जाऊ नका," काकांनी नंतर सांगितलं.

पावाचे काप

आधी बांधायचा तो कणा. प्लायवूडच्या तक्त्यातून लेसरने कापलेला लांब तुकडा म्हणजे जहाजाचा उभा छेद. त्याला ठरावीक अंतरावर खाचा असतात. प्रत्येक खाचेत आडवा तुकडा बसतो, तो त्या जागेवरचा आडवा छेद. पावाच्या लादीचे काप करून ते अंतराअंतराने पुन्हा उभे करावेत, तसं हे दिसतं. मधले काप फुगीर, टोकाकडचे निमुळते. जहाजाचा आकार कागदावर उतरवायची युक्तीही हीच आहे. नकाशात बाजूने, वरून आणि समोरून अशा तीन नजरांनी तेच काप पुन्हापुन्हा काढलेले असतात. काप आणि त्यांच्यातलं अंतर एवढं कळलं की मधला भाग हाताने भरून काढता येतो.

प्रत्येक काप कण्याशी काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून तपासायचं. मग कापांच्या कडा तिरप्या घासायच्या. लेसर कड सरळ कापतो, पण फळी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, वळताना कापाला तिरकी भिडते. कड तशीच राहिली तर फळी तिच्या एका टोकावरच टेकते आणि पुढे तिथे टेंगूळ दिसतं. म्हणून एक लवचीक पट्टी तीन-चार कापांवरून आडवी धरायची, उजेडाकडे बघायचं आणि जिथे फट दिसेल तिथे कानस मारायची. हे काम कंटाळवाणं आहे. यात दिसण्यासारखं काही घडत नाही, आणि म्हणूनच नवशिके ते तासाभरात उरकतात.

पहिल्या खेपेला मीही उरकलं. त्यावर दुसरी चूक केली. एका बाजूच्या फळ्या छान बसत गेल्या म्हणून हुरूप आला आणि ती बाजू पूर्ण करूनच थांबलो. वाकवण्यासाठी भिजवलेल्या फळ्या सुकताना आकसतात, गोंदही आकसतो. सगळा ओढा एकाच बाजूला. दुसऱ्या रविवारी सांगाडा समोरून डोळ्याच्या रेषेत धरला तर कणा चक्क केळ्यासारखा वाकलेला. तो पुन्हा सरळ झाला नाही. तेव्हापासून नियम पाळतो. डावीकडे एक फळी लावली की उजवीकडे एक, मग पुन्हा डावीकडे. ओढा दोन्ही बाजूंना सारखा पडला की कणा मधोमध राहतो.

कलिंगडाचे पट्टे

आता मुख्य अडचण. कागदाची पुंगळी करता येते, कारण ती एकाच दिशेने वाकते. त्याच कागदात नारळ गुंडाळायला घ्या, चुण्या पडल्याशिवाय राहणार नाहीत. नारळ दोन दिशांनी वाकलेला असतो. सपाट वस्तू ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय अशा पृष्ठावर बसत नाही. जर्मन गणितज्ञ गाउस याने १८२७ साली हे गणिताने सिद्ध करून दाखवलं. पृथ्वीचा बिनचूक सपाट नकाशा काढता येत नाही, तो याच कारणाने. जहाजाचं पोटही लांबीच्या दिशेने वाकतं आणि घेराच्या दिशेनेही.

म्हणून फळ्यांचे पट्टे करायचे. पण सगळे पट्टे सारख्या रुंदीचे ठेवले तरी ते बसत नाहीत. कलिंगडाकडे पाहा. सालीवरचे हिरवे पट्टे मध्ये रुंद असतात आणि देठाकडे जाताना चिंचोळे होत जातात, कारण मधला घेर मोठा आणि टोकाचा लहान. जहाजाच्या फळ्यांनाही हाच न्याय.

हिशेब साधा आहे. मधल्या कापाच्या कडेवर डेकपासून कण्यापर्यंत कागदाची बारीक पट्टी गुंडाळली. अंतर भरलं १०५ मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या २१ फळ्या बसतात. आता नाळेजवळच्या कापावर तेच माप घेतलं, ते निघालं ६८ मिलिमीटर. फळ्या तर २१ च राहणार. ६८ भागिले २१ म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. याचा अर्थ प्रत्येक फळी मध्ये पाच मिलिमीटर ठेवून नाळेच्या टोकाशी सव्वातीनपर्यंत उतरती करायची. प्रत्येक कापावर त्याच्या घेराचे २१ सारखे भाग करून पेन्सिलीच्या खुणा केल्या की कुठली फळी कुठून जाणार ते सांगाड्यावर आधीच दिसतं.

एवढा खटाटोप कशाला, वाकवून बसवली तर? पट्टी जाडीच्या अंगाने सहज वाकते, रुंदीच्या अंगाने वाकत नाही. न छाटता तिला शेजारणीला चिकटून वळायला लावलं की एक कड वर उचलली जाते. फळ्या एकीवर एक चढतात आणि जहाज कौलारू दिसू लागतं. छाटलेली फळी मात्र अंग न चोरता आपल्या जागी निजते.

छाटायलाही मर्यादा आहे. टोकाशी फळी अर्ध्याहून अरुंद करायची वेळ आली तर दोन फळ्या संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्यावी. खऱ्या जहाजावर अरुंद टोकात खिळ्याला धरायला लाकूडच उरत नाही, म्हणून ही रीत पडली. शेपटाकडे उलटी परिस्थिती असते. तिथे खालच्या अंगाला घेर वाढतो आणि फळ्यांच्या मध्ये त्रिकोणी फटी उरतात. त्यांत पाचरीच्या आकाराच्या फळ्या बसवाव्या लागतात. बिनअनुभवी माणूस त्या फटी लाकडाचा भुसा आणि फेविकॉलची लांबी करून भरतो. पहिल्या थरात तेही खपून जातं, कारण त्यावर अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा थर चढतो. पण पहिल्या थराचा खड्डा दुसऱ्या थरातून डोकावतोच.

पाणी आणि इस्त्री

फळी वाकवण्यासाठी मी अंघोळीच्या बादलीतून थोडं ऊन पाणी एका लांबट ट्रेमध्ये घेतो आणि फळी वीस-पंचवीस मिनिटं बुडवून ठेवतो. मग एक टोक धरून दुसऱ्या टोकाकडे इस्त्रीचं अणकुचीदार नाक हळूहळू ओढतो. फळी वाफ सोडते, चर्र आवाज येतो आणि तिचा ताठा जातो. त्याच क्षणी तिला बाक द्यायचा, कपड्यांच्या चिमट्यांनी सांगाड्यावर धरून ठेवायची आणि रात्रभर विसरून जायची. सकाळी चिमटे काढले तरी बाक तसाच.

आतमध्ये घडतं ते असं. लाकूड म्हणजे सेल्युलोजचे लांब तंतू आणि त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारं लिग्निन. ओलं लिग्निन तापलं की मऊ पडतं. तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात, बाकाच्या आतल्या बाजूचे दबतात, बाहेरच्या बाजूचे ताणले जातात. लाकूड थंड होऊन सुकलं की लिग्निन पुन्हा घट्ट होतं आणि तंतू नव्या जागी जखडले जातात. जहाजाच्या कारखान्यांत मोठमोठ्या पेट्यांमध्ये जाड फळ्या वाफवत, तेही याच गुणावर. आपल्याकडे फक्त इस्त्री असते.

नाळेजवळ, अगदी कण्याला लागून बसणारी फळी सगळ्यांत अवघड. मध्ये ती जवळजवळ आडवी असते आणि पुढे जाता जाता उभी होते. म्हणजे वाकायचंही आणि पीळही घ्यायचा. ही फळी मी तीनदा केली. पहिली मोडली, दुसरी मीच उलट्या बाजूला पिळली, तिसरी बसली. ती बसली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि दाखवायला घरात कुणीही जागं नव्हतं.

पेन्सिल आणि गाठी

पुढची कामं सोपी वाटतात. खऱ्या डेकवर दोन फळ्यांमधल्या फटीत जुन्या दोराचे धागे ठासून वर डांबर ओततात. त्याची काळी रेघ मॉडेलवर पेन्सिलीने येते. प्रत्येक फळीच्या कडेवर पेन्सिल फिरवायची, मग चिकटवायची. फळ्या सहा-सात मीटरच्या असत, म्हणून मॉडेलवर त्या साडेनऊ ते अकरा सेंटिमीटरच्याच कापायच्या. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. विटांच्या भिंतीत गवंडी सांधमोड करतो, तशी ही सांधमोड.

दोरांचेही दोन वंश असतात. डोलकाठीला जागच्या जागी धरून ठेवणारे दोर कायमचे बांधलेले असतात. ते सडू नयेत म्हणून डांबर फासतात, म्हणून ते काळे. शीड चढवणारे, उतरवणारे, वळवणारे दोर रोज हाताळले जातात. ते साध्या सुताच्या रंगाचे. किटमध्ये काळं रीळ आणि पिवळट रीळ वेगवेगळं का दिलंय, याचं उत्तर हे. डोलकाठीच्या बाजूच्या काळ्या दोरांवर खलाशांना चढायला शिडीसारख्या आडव्या दोऱ्या असतात. मॉडेलवर त्या दर सहा मिलिमीटरला एक बांधायच्या, आणि प्रत्येक उभ्या दोरावर खुंट्याला दोर बांधताना घालतात तशी दुहेरी वेढ्याची गाठ मारायची. एवढ्याशा कटरवर अशा तीनशेच्या वर गाठी झाल्या. नकाशातला तो भाग कापून दोरांच्या मागे धरला आणि आखलेल्या वहीत लिहावं तशा रेघांवर गाठी घातल्या.

हाडांची जहाजं

माणसाला मॉडेलची हौस किटच्या आधीपासूनची आहे. स्पेनमधल्या मातारो गावातून आलेलं, पंधराव्या शतकाच्या मध्यावर घडवलेलं एक मॉडेल आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. ते चर्चमध्ये देवाला वाहिलेलं होतं. त्या काळातलं जहाज आतून कसं होतं, हे अभ्यासक आज त्याच्यावरून वाचतात. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नौदलाच्या जहाजांची १:४८ प्रमाणातली देखणी मॉडेल्स होऊ लागली. त्यांचं खालचं अंग मुद्दाम फळ्यांशिवाय उघडं ठेवत, म्हणजे बरगड्या दिसाव्यात. १:४८ का, तर खऱ्या जहाजाच्या एका फुटाला मॉडेलचा पाव इंच. हे प्रमाण आजही रूढ आहे.

सगळ्यांत चटका लावणारी मॉडेल्स मात्र कैद्यांची. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच खलाशी इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉसच्या छावणीत वर्षानुवर्षं पडून होते. ही छावणी १७९७ साली उघडली. जेवणात मिळालेल्या मांसाची हाडं ते उकळून स्वच्छ करत, त्यांच्या चिपा काढत आणि त्या चिपांची जहाजं बांधत. छावणीच्या दारावरच्या बाजारात ती विकली जात. त्यांना नकाशा कोण देणार? ज्या जहाजावर आयुष्य काढलं ते त्यांच्या हातात होतं.

मुंबईचं जहाज

जहाजांच्या नकाशाची मला माहीत असलेली सर्वांत नाट्यमय गोष्ट मात्र मुंबईची आहे.

१७८२ साली इंग्रजांनी 'एबे' नावाचं फ्रेंच फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, पकडलं. त्याचा आकार त्यांना इतका आवडला की त्यांनी जहाज मोजून त्याचे नकाशे काढले आणि त्यांवरून एकामागून एक फ्रिगेटं बांधली. पुढे नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधला ओक कमी पडायला लागला. मुंबईच्या गोदीत मात्र मलबारचं सागवान होतं आणि वाडिया मिस्त्री होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून या घराण्याने जहाजं बांधली. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हातची 'कॉर्नवॉलिस' १८१३ साली पाण्यात उतरली. १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला तो तिच्यावरच.

मुंबईत 'एबे'च्या आकाराचं एक फ्रिगेट बांधायचं ठरलं आणि नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून रवाना झाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठलं आणि लढाईनंतर ते जाळून टाकलं. नकाशेही गेले. मग नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. मे १८१६ मध्ये पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'ट्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरली. आज ती उत्तर इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे आहे. ब्रिटनची अजून पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका ती. तिला वाट बघायला लावणारी 'कॉन्स्टिट्यूशन'ही बॉस्टनला अजून तरंगते आहे, आणि मॉडेल करणाऱ्यांची ती पिढ्यान्‌पिढ्या लाडकी आहे.

आकार फ्रेंच, कागद इंग्रजी, लाकूड मलबारचं. मग त्या जहाजात मुंबईचं काय होतं? केळ्यासारखा कणा करण्याआधी मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं. कागदावर फक्त काप असतात. दोन कापांच्या मध्ये फळी कशी जाईल, टोकाशी किती उतरेल, पीळ कुठे घेईल, कुठे पाचर घालावी लागेल, हे कागद सांगत नाही. ते तासणी हातात धरून, लाकूड समोर ठेवून, एकेका फळीपाशी ठरवावं लागतं. लंडनहून मुंबईला आलेली गुंडाळी हे एका अर्थी भलंमोठं किटच होतं, आणि त्यातही जहाज नव्हतं.

बरणी

माझं कटर आता पुस्तकांच्या कपाटावर काचेच्या पेटीत आहे. शेजारी लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवली आहे. तिच्यात फळ्या छाटताना निघालेल्या चोया आहेत. काही केसासारख्या बारीक, काही एका टोकाला दोन मिलिमीटर रुंद आणि दुसऱ्या टोकाला शून्य. फेकवत नव्हत्या म्हणून ठेवल्या होत्या. परवा आईने जहाज पाहिलं, मग बरणी उचलून उजेडात धरली. "हे काय रे?"

"तू विचारलं होतंस ना, यात जहाज कुठंय? खोक्यातून एवढं काढून टाकलं, तेव्हा दिसलं."

तिने झाकण घट्ट लावलं आणि बरणी परत जहाजाशेजारी ठेवली.